एकशे चारच्या आत

मला राग लवकर येतो. हे शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे, खिचडी शिजवणाऱ्या मावशींना ठाऊक आहे आणि माझ्या घरी तर विचारूच नका. पण गेल्या मार्चमध्ये बत्तीस या आकड्याचा मला जेवढा राग आला, तेवढा आजवर कुठल्या माणसाचाही आला नसेल.

आमची शाळा वडशाच्या पुढे, जंगलाला लागून. मी राहते ब्रह्मपुरीला. सकाळी बस, वडशाला उतरून काळीपिवळी जीप, आणि ती जिथे सोडेल तिथून एक किलोमीटर पायी. शाळेत दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली ते तिसरी गुरुजींकडे, चौथी-पाचवी माझ्याकडे. गुरुजींच्या खोलीला स्लॅब आहे, माझ्या खोलीला टिनाचं छप्पर. मार्च अर्धा सरला की दुपारी त्या टिनाखाली बसणं म्हणजे शिक्षाच. पंखा आहे, पण वीज नेमकी दुपारीच जाते. तक्रार केली की लाइनमन सांगतो, ‘मॅडम, जंगलातली लाइन आहे.’ जणू जंगलातल्या विजेला दुपारी वामकुक्षीची सवलत आहे.

त्याच टिनाखाली मागच्या वर्षी एक मुलगी चक्कर येऊन पडली. तेव्हा ती चौथीत होती. जंगलातल्या एका टोल्यावरून, म्हणजे दहा-बारा घरांच्या वस्तीवरून, अडीच किलोमीटर चालत यायची. अंगानं बारीक, बोलायला कमी, आणि समोर काही लिहिलेलं दिसलं की वाचल्याशिवाय पुढे न जाणारी. खिचडीच्या सुट्टीआधी भागाकारासाठी मी तिला फळ्यापाशी उभी केली आणि ती तिथेच खाली बसली, मग आडवी झाली. आम्ही तोंडावर पाणी मारलं, हातावर गूळ ठेवला. ऊन लागलं, असं मी जाहीर करून टाकलं.

त्या दिवसापासून मी सकाळच्या शाळेच्या मागे लागले. सातला भरायची, साडेअकराला सुटायची, म्हणजे दुपारचा टिनाचा जाच नाही. मागच्या वर्षी तसा आदेश वरून आला, शाळा सकाळची झाली, आणि ज्या मुलीसाठी मी एवढी धडपडले ती सकाळच्या शाळेत आलीच नाही! सलग तीन आठवडे गैरहजर. मोहाचे दिवस होते, लोक लेकरांना घेऊन मोहफुलं वेचायला जंगलात जातात, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दरवर्षीची सबब ऐकून माझे कान किटले होते. वर्ष संपताना मी तिच्या प्रगतीपुस्तकात शेरा लिहिला, ‘पालक उदासीन’. असे शेरे आम्हाला पाठ असतात. मी लिहिला आणि विसरले.

या वर्षी मार्च अर्धा उलटला तरी वरून आदेश येईना. मी केंद्रप्रमुखांकडे गेले. आमच्यासारख्या दहा-बारा शाळा ते बघतात. माणूस वाईट नाही, पण त्यांना कागद लागतो. कूलरसमोर बसून ते म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडे ऊन जास्त आहे हे तुम्ही म्हणता. पुरावा काय? सात दिवसांचं दुपारी एकचं तापमान द्या, सेल्सिअसमध्ये. चाळीसच्या वर असेल तर मी आजच प्रस्ताव पाठवतो.”

मी म्हटलं, “सर, बाहेर येऊन उभे राहा ना दोन मिनिटं.”

ते हसले. कूलरपुढून उठले मात्र नाहीत.

थर्मामीटरसाठी मी वडशाची अर्धी बाजारपेठ पालथी घातली. ताप मोजायचे सगळीकडे होते, हवेचं तापमान मोजायचं कुणाकडेच नव्हतं. शेवटी पंखे-मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी दुकानाच्या माळ्यावरून लाकडी पट्टीवर बसवलेला एक जुना थर्मामीटर काढला. धूळ फुंकली आणि म्हणाले, “ले जाओ मॅडम, पुराना माल है, कभी झूठ नहीं बोलेगा.” घरी येऊन पुसला तेव्हा कळलं, त्याच्यावर फक्त फॅरनहाइटचे आकडे होते. मी कपाळावर हात मारला. दुसरा मिळणार नव्हता आणि पुरावा तर सेल्सिअसमध्येच हवा होता. म्हणून पाचवीच्या पुस्तकात नसलेला धडा माझ्या गळ्यात पडला. फॅरनहाइटमधून बत्तीस वजा करा, पाचनं गुणा, नवानं भागा.

पहिल्याच दिवशी एका पोरानं विचारलं, “बाई, आशाताईच्या थर्मामीटरमंदी मले एकशे दोन ताप निंगाला होता. अन् टीव्हीवर सांगतेत का ब्रह्मपुरीत सेहेचाळीस. मंग मी ब्रह्मपुरीपेक्षा गरम होतो का?”

प्रश्न चांगला होता. आज मला तसं वाटतं. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, “ते वेगळं मोजमाप आहे. गप बस आणि उदाहरण सोडव.”

“अन् बत्तीस काऊन वजा करा लागते?” दुसरी.

“कारण बर्फ तिथे वितळतो.”

“कुठी?”

झालं. बर्फ! आमच्या गावात बर्फ येतो तो फक्त बाजाराच्या दिवशी, मासळीच्या टोपल्यांत. तेव्हा मी दुसऱ्या दिवशी वडशाच्या सरबतवाल्याकडून चहाच्या थर्मासमध्ये बर्फ भरून घेतला. काळीपिवळीत माझ्या मांडीवर एक अनोळखी लेकरू, पायाशी कोंबड्या आणि हातात तो थर्मास. शाळेत पोचेपर्यंत निम्म्या बर्फाचं पाणी झालं होतं, तरी तुकडे शिल्लक होते. मी थर्मामीटरचा फुगा त्यात बुडवला आणि सगळ्यांना भोवती बोलावलं. लाल रेघ सरसर खाली आली आणि तेहतीसवर थांबली. मी पट्टीवर टिचकी मारली. तेहतीस. बर्फ ढवळला. तेहतीस.

“बाई, आपल्या थर्मामीटरले तेहतीस वजा करा लागन,” ती टोल्यावरची मुलगी म्हणाली.

कुठलाही शहाणा शिक्षक तिथे थांबला असता आणि तिला म्हणाला असता, शाब्बास, उपकरणात एका अंशाची चूक आहे आणि ती तू पकडलीस. मी मात्र पहाटे पाचला उठलेली होते आणि पदरावर बर्फाचं पाणी सांडलं होतं. मी ओरडले, “बत्तीस म्हणजे बत्तीस! जगभर बत्तीस!” पोरांनी वहीत बत्तीस लिहिलं. मग उरलेला बर्फ त्यांनी वाटून खाल्ला, आणि त्या अख्ख्या धड्यात त्यांना आवडलेली तेवढीच एक गोष्ट असावी.

पुढचा आठवडा मी मेटाकुटीला आले. कुणी आधी गुणे आणि मग वजा करी. कुणी बत्तीस मिळवी. एकाचं उत्तर पाचशे वीस आलं. मी म्हटलं, “अरे, पाचशे वीस डिग्रीत आपण जिवंत राहू का?” तो शांतपणे म्हणाला, “तुमीच सांगा, बाई.” घरी जाताना बसमध्ये मला ते आकडे खिडकीबाहेर पळताना दिसायचे.

शेवटी मी हिशेबाचं सोडलं आणि आधी मोजायला सुरुवात केली. व्हरांड्यात, पाण्याच्या रांजणाजवळच्या खांबावर, सावलीत खिळा ठोकून थर्मामीटर लटकवला. एक वाजता खिचडीची सुट्टी असते. त्या वेळी मला ताटं मोजायची, वाढप बघायचं, किती मुलं जेवली ते मोबाइलवर भरायचं आणि त्यासाठी नेटवर्क शोधत आवाराच्या कोपऱ्यात, चिंचेखाली, हात वर करून उभं राहायचं असतं. म्हणून वाचनाचं काम मी त्या मुलीला दिलं. तिनं आकडा वाचायचा, फळ्यावर लिहायचा, वर्गानं त्याचं सेल्सिअस करायचं, मी नोंदवहीत उतरवायचं. ती कधी नव्हे ती हसली. काम मिळाल्यापासून एक दिवस चुकली नाही. मला वाटलं, चला, माझ्या धडपडीचं काहीतरी चीज झालं.

पहिल्या दिवशी एकशे सहा. माझ्या मदतीनं वर्गानं उत्तर काढलं, एक्केचाळीस पूर्णांक एक. दुसऱ्या दिवशी एकशे सात. मी खूश. वर्गात जाहीर केलं, “असेच आणखी पाच दिवस चाळीसच्या वर गेले ना, की आपली शाळा सकाळची!”

मला वाटलं होतं, पोरं टाळ्या वाजवतील. कुणी वाजवली नाही. टोल्यावरची तीन-चार लेकरं एकमेकांकडे बघत राहिली. यांना कशाचंच काही नाही, असं म्हणत मी डबा उघडला.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर आकडा होता चौऱ्याऐंशी.

“हे काय?” मी म्हटलं. “चौऱ्याऐंशी? घामानं माझा जीव चाललाय आणि चौऱ्याऐंशी? डोळे आहेत की बटणं? जा, परत बघून ये!” ती गेली. यायला दहा मिनिटं लावली, मी आणखी चिडले. आली आणि म्हणाली, “एकशे तीन, बाई.” मी म्हटलं, “बघ! म्हणून म्हणते, नीट वाचत जा.” वर्गानं हिशेब केला. एकोणचाळीस पूर्णांक चार. चाळीसला थोडक्यात हुकलं. मी हळहळले. केंद्रप्रमुखांनी सांगितलेले सात दिवस सलग हवे होते, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

चौथ्या दिवशी एकशे दोन. पाचव्या दिवशी एकशे तीन. सहाव्या दिवशी एकशे एक. माझा विश्वास बसेना. अंगाची लाही होत होती, रांजणाचं पाणी कोमट लागत होतं, आणि आकडा रोज चाळीसच्या खाली, तोही अगदी जरासा खाली. मी चाचांना मनातल्या मनात दोष दिला, थर्मामीटरला दिला, माझ्या नशिबाला दिला. एका दुपारी स्वतः जाऊन बघितलं, तर खरंच एकशे दोन. मुलगी शेजारीच उभी होती, हात मागे बांधून.

आणि याच दिवसांत एक चमत्कार घडला. माझ्या वर्गाला तो हिशेब यायला लागला. फळ्यावर आकडा पडायचा अवकाश, पोरं बत्तीस वजा करून, पाचनं गुणून, नवानं भागून मोकळी. पाचशे वीसवाला सुद्धा. मला वाटलं, माझ्या ओरडण्याचं फळ आहे. माणूस स्वतःला किती फसवतो!

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केंद्रप्रमुख आले. स्कूटीवरून उतरले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. नेमका एक वाजत आला होता. रुमालानं मान पुसत ते थर्मामीटरकडे गेले आणि त्यांनी वाचलं, “शंभर.” मग वर्गात आले. “कोण करून दाखवतं?”

टोल्यावरची मुलगी उठली. शंभरातून बत्तीस, अडुसष्ट. पाचनं गुणून तीनशे चाळीस. नवानं भागून सदतीस पूर्णांक सात. अक्षर सुबक, खडू कुठे अडला नाही. साहेब खूश झाले. मला म्हणाले, “मॅडम, वर्ग चांगला तयार केलाय तुम्ही.” आणि मग सहज, जाता जाता, तिला विचारलं, “बरं, उलटं सांग. चाळीस सेल्सिअस म्हणजे फॅरनहाइट किती?”

मी म्हणणार होते, सर, ते शिकवलेलं नाही. पण तिनं खडू खाली ठेवायच्या आत सांगितलं, “एकशे चार.”

मागून आणखी तिघं-चौघं बोलले, “एकशे चार.” पाचशे वीसवालाही.

साहेबांनी शाब्बासकी दिली. नोंदवहीच्या शेवटी लिहिलं, ‘तापमान चाळीसच्या आत आढळले. सकाळच्या शाळेची तूर्त आवश्यकता नाही.’ सही केली, रांजणाचं दोन पेले पाणी प्यायले आणि गेले. मी दारात उभी. मला उलटा हिशेब येत होता, पण मी तो कधी शिकवला नव्हता. सदतीस, अडतीस, बेचाळीस, यांतलं त्यांना काही विचारलं असतं तर पाठ असतं का? चाळीसच काय म्हणून पाठ?

मी व्हरांड्यात गेले. थर्मामीटरची लाल रेघ माझ्या डोळ्यांदेखत वर चढत होती. एकशे पाच. एकशे सहा. लाकडी पट्टी ओली होती. रांजणामागे, विटेखाली दाबून ठेवलेला, ओढणीचा फाडलेला एक तुकडा सापडला. चिंब ओला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तो फडका हातात धरून वर्गात गेले. “हे कुणी केलं?”

टोल्यावरची मुलगी उठली.

“मी केलं, बाई.”

“कसं?”

तिला वाटलं, मी खरंच कसं ते विचारतेय. म्हणून तिनं सगळं नीट सांगितलं. बाराला फडका ओला करून फुग्याला गुंडाळायचा. पण तसाच ठेवला तर आकडा फार खाली जातो, त्या दिवशी चौऱ्याऐंशी गेला तसा, आणि मग बाई रागावतात. म्हणून एक वाजायच्या थोडं आधी तो सोडायचा आणि आकडे मोजत उभं राहायचं. वारा असला तर कमी, नसला तर जास्त. रेघ शंभरच्या पुढे गेली की लिहायचं. एकशे चारला मात्र टेकू द्यायची नाही. परत बघून ये म्हणून मीच तिला धाडलं होतं, त्या दहा मिनिटांत हे सगळं तिच्या ध्यानात आलं होतं.

“पण कशासाठी?” माझा आवाज चिरकला. “अगं, तुझ्यासाठी चाललंय हे सगळं! मागच्या वर्षी तूच पडली होतीस ना उन्हानं?”

“ऊन नोहतं लागलं, बाई,” ती म्हणाली. “भूक लागली होती. पायटेच मोहावर गेल्ती, काई खाल्लं नोहतं.”

ती पुढे बोलतच राहिली. इतकं सलग बोलताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं. “मोह पायटे पडते. नऊ-दहा वाजेपर्यंत वेचा लागते, नाईतर ढोरं खातेत. आमची चार झाडं आहेत. माय एकटी जात नाई, अस्वल येते. साडेदहाची शाळा असली त दोनी होते. सातची झाली त मायनं सांगतलं, बाईले म्हणा नाव काटून टाका.”

“नाव काटून?”

“हो. मांगच्या वर्षी तुमी लई गैरहजेरी लावली ना. त्याच्यापेक्षा शाळाच सोडून दे म्हणते.” मग पुढे, “अन् साडेअकराले सुटलो त भर उन्हात घरी जा लागते, बाई. पाचले सुटलो त सावली असते.”

हा शेवटचा मुद्दा माझ्या, केंद्रप्रमुखांच्या आणि वरून आदेश काढणाऱ्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. सकाळी आणि संध्याकाळी अडीच किलोमीटर चालणारी ती होती, आम्ही नव्हतो. मी दोन वर्षं भांडत होते ती मुलीला शाळेत टिकवण्यासाठी, आणि जिंकले असते तर ती शाळेतून गेली असती. मी तिला किंवा तिच्या आईला एकदाही विचारलं नव्हतं. अडीच किलोमीटरच तर होते. चिंचेखाली नेटवर्क शोधण्यात मी त्याहून जास्त चालले असेन.

मला रडू येत होतं आणि रागही जात नव्हता. मी म्हटलं, “ओढणी फाडलीस ती फाडलीस, निदान मला सांगायचं तरी!”

“तुमी रागावता, बाई,” पाचशे वीसवाला मागच्या रांगेतून म्हणाला.

नोंदवही मी तशीच ठेवली. साहेबांना कळवलं नाही. ते बरोबर केलं असं माझं म्हणणं नाही. फक्त त्या पानानंतर आम्ही फडक्याशिवाय खरे आकडे लिहायला लागलो. एकशे आठ, एकशे नऊ, एकशे दहा. आणि तेहतीस वजा करायला लागलो, कारण आमच्या थर्मामीटरला तेच लागतं. हे मी वर्गासमोर कबूल केलं तेव्हा मात्र पोरांनी टाळ्या वाजवल्या.

टिन तापायचं ते तापतच होतं. एका दुपारी कुणीतरी म्हणालं, “बाई, थर्मामीटरले ओला फडका गुंडाळला त थंड होते, मंग आपल्या खिडकीले काऊन नाई?” मावशींनी तांदळाची रिकामी बारदानं दिली. आम्ही ती ओली करून खिडक्यांना आणि दाराला टांगली. खोलीत गोणपाटाचा वास भरला, गुरुजी नाक दाबून फिरायला लागले, पण आतला आकडा बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी उतरला. वजाबाकी पोरांनीच केली.

एप्रिल सरत आला तसा मोह संपला. एका सकाळी ती दारातच म्हणाली, “बाई, झालं आमचं. आता करा सकाळची, उन्हाचं पाहू आमी.” मी खऱ्या आकड्यांची नोंदवही घेऊन केंद्रप्रमुखांकडे गेले. त्यांनी मागची पानं उलटली, स्वतःचा शेरा आणि स्वतःची सही दाखवली आणि म्हणाले, “मॅडम, मी स्वतः पाहून गेलोय. थर्मामीटर खोटं बोलतो का?” कूलर चालूच होता. मी नोंदवही उचलली आणि बसस्टँडवर येऊन एक सोडा प्यायले. दुसरं काय करणार होते?

या वर्षी तिची गैरहजेरी दोनच दिवस लागली. दोन्ही दिवस तापाचे. तिनं मला येऊन सांगितलं होतं, एकशे दोन, म्हणजे अडतीस पूर्णांक आठ.

निकालाच्या दिवशी पालक येतात. तिची आई पहिल्यांदाच आली, कारण पाचवीनंतर पोरीला दुसऱ्या गावच्या शाळेत घालायचं होतं आणि दाखला हवा होता. उंच, वाळकी बाई. पदर खोचलेला, हात मोहाच्या चिकानं काळे पडलेले. मी शेऱ्याच्या रकान्यासमोर आदल्या दिवशी बराच वेळ बसले होते. शेवटी लिहिलं होतं, ‘तापमान अचूक मोजते. आई पहाटे मोह वेचून हिला रोज वेळेवर शाळेत पाठवते.’ शेऱ्यासारखं वाटत नव्हतं, पण मला दुसरं सुचलं नाही.

आईनं प्रगतीपुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि लेकीकडे दिलं. “वाच.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रगतीपुस्तक घरी जातं. त्या घरात वाचता येणारी एकच व्यक्ती आहे. मागच्या वर्षीचा माझा शेरासुद्धा आईला हिनंच वाचून दाखवला असणार.

तिनं वाचलं. एकेक शब्द सावकाश, फळ्यावरचा हिशेब वाचावा तसा. आई ऐकत राहिली, मग म्हणाली, “चांगलं लिवलं का बाईनं?”

“हो.”

“मांगच्या वर्षीसारखंच?”

मुलीनं वर बघितलं. आईकडे नाही, माझ्याकडे. मी मान खाली घातली.

“हो,” ती म्हणाली. “मांगच्या वर्षीसारखंच.”